वर्षावनाची अभ्यासयात्रा : सायलेंट व्हॅलीतील वनस्पती, प्राणी आणि त्यांचे परस्परसंबंध

प्रस्तावना

उष्णकटिबंधीय वर्षावन पाहावयास जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांच्या वाट्याला प्रथम निराशाच येते. दूरचित्रवाणीवरील वन्यजीवनाच्या कार्यक्रमांनी त्यांच्या मनात जे अरण्य रंगवलेले असते, त्यात क्षणाक्षणाला हत्ती, बिबटे, अजगर आणि रंगीबेरंगी पक्षी दृष्टीस पडतात. प्रत्यक्ष वर्षावनात शिरल्यावर मात्र दिसते ती एकसारखी भासणारी हिरवी भिंत, ओलसर काळोख आणि पायाला चिकटणाऱ्या जळवा. दिवसभराच्या पायपिटीत एकही मोठा प्राणी न दिसणे ही तेथील नित्याची बाब आहे. वस्तुतः जगाच्या भूभागाचा अवघा सहा-सात टक्के भाग व्यापणाऱ्या या वनांत पृथ्वीवरील निम्म्याहून अधिक सजीव जाती राहत असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एवढी समृद्धी असूनही ती डोळ्यांना का दिसत नाही, हा वर्षावनाच्या अभ्यासयात्रेतील पहिला प्रश्न होय.

या प्रश्नाचे उत्तर पाहण्याच्या पद्धतीत आहे. वर्षावनात प्रत्येक जातीचे जीव संख्येने थोडे, विखुरलेले आणि बहुधा उंचावर असतात. त्यामुळे प्राण्यांची व झाडांची यादी करण्याच्या हेतूने गेलेला प्रवासी जवळजवळ रित्या हाताने परततो. झाड, फूल, फळ, कीटक, पक्षी आणि वानर यांना जोडणारे धागे शोधणाऱ्याला मात्र तेच वन बोलू लागते. प्रस्तुत लेखात केरळमधील सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानाच्या आधारे या पाहण्याचे स्वरूप स्पष्ट केले आहे. सायलेंट व्हॅलीची निवड करण्यास विशेष कारण आहे. या दरीत धरण बांधावे की नाही, हा प्रश्न १९७० च्या दशकात देशापुढे उभा राहिला तेव्हा वनातील परस्परसंबंधांचे ज्ञान हाच त्या वादातील एक निर्णायक मुद्दा ठरला. जे पाहावयाचे, त्याचे मोल येथे सार्वजनिक जीवनात सिद्ध झाले आहे.

सायलेंट व्हॅलीचे स्थान आणि नाव

सायलेंट व्हॅली केरळच्या पालक्काड जिल्ह्यात, निलगिरी पर्वताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात वसलेली आहे. उद्यानाचे मूळ क्षेत्र ८९.५२ चौरस किलोमीटर असून २००७ मध्ये त्याभोवती १४८ चौरस किलोमीटरचे संरक्षक क्षेत्र जोडण्यात आले. दरीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरपासून सुरू होते, तर उत्तरेकडील अंगिंडा शिखर २,३८३ मीटर उंच आहे. सर्व बाजूंनी उंच कड्यांनी वेढल्यामुळे ही दरी दीर्घकाळ माणसाच्या वावरापासून दूर राहिली. दरीच्या मध्यातून कुंतीपुळा ही नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते आणि पुढे तिचे पाणी भारतपुळेला मिळते. ‘पुळा’ म्हणजे मल्याळम भाषेत नदी.

येथील स्थलनामांत महाभारत मुरलेले आहे. नदी कुंतीची, तर दरीचे जुने नाव सैरंध्रीवन. अज्ञातवासात विराटाच्या घरी द्रौपदीने धारण केलेले सैरंध्री हे नाव मराठी वाचकाला कीचकवधाच्या कथेमुळे चांगलेच परिचित आहे. पांडव वनवासात येथे राहिले होते, अशी स्थानिक आख्यायिका आहे. ‘सायलेंट व्हॅली’ म्हणजे शांत दरी हे इंग्रजी नाव ब्रिटिश अमदानीतील आहे. सैरंध्री या नावाचाच तो इंग्रजी अपभ्रंश असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. एरवी रानात कर्कश किरकिर करणारे सिकाडा जातीचे कीटक येथे ऐकू आले नाहीत म्हणून हे नाव पडले, असे दुसरे. आज तेथे जाणाऱ्यास सिकाडांचा आवाज ऐकू येतो. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांनी १८४७ मध्ये या भागातील वनस्पतींचा शोध घेतला, आणि तेव्हापासून दरीचा शास्त्रीय इतिहास सुरू होतो.

उद्यानात जाण्याची वाट मुक्काली या गावावरून आहे. तेथून वनखात्याच्या परवानगीने, मार्गदर्शकासह, जीपने सुमारे २३ किलोमीटरचा घाटरस्ता पार केल्यावर सैरंध्री येथे पोहोचता येते. या परिसरातील अट्टप्पाडी भागात इरुळर, मुडुगर व कुरुंबर या आदिवासी जमाती राहतात. वनातील पहारेकरी व वाटाडे यांत या जमातींतील अनेक जण आहेत. कोणत्या झाडाला कधी फळ येते आणि ते खावयास कोण येते, हे त्यांना पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असते.

थरांचे अरण्य

सैरंध्री येथे सुमारे तीस मीटर उंचीचा एक निरीक्षण मनोरा आहे. वर्षावनाची रचना समजून घेण्यास यापेक्षा चांगला प्रारंभ नाही. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहिल्यास काळोख, दमट हवा आणि खोडांची गर्दी जाणवते. जिने चढून वर गेल्यावर झाडांच्या शेंड्यांचा अथांग हिरवा पसारा समोर येतो. ऊन, वारा, फुले आणि पक्षी ही सर्व दौलत वरच्या थरात आहे, हे तेव्हा ध्यानात येते. जमिनीवरून चालणारा प्रवासी म्हणजे एखाद्या उंच इमारतीच्या तळघरातून फिरणारा पाहुणाच होय.

वनस्पतिशास्त्रज्ञ वर्षावनाचे सामान्यतः चार थर मानतात. सर्वांत वर इतरांच्या डोक्यावरून मान काढणारे तुरळक महावृक्ष, त्यांच्याखाली शेंड्याला शेंडा भिडवून उभे असलेले वनछत, त्याखाली सावलीत वाढणारी लहान झाडे व झुडपे आणि सर्वांत तळाशी वनभूमी. वनछतावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम एक-दोन टक्के प्रकाश वनभूमीपर्यंत पोहोचतो. म्हणूनच तळाशी गवत फारसे नसते आणि चालण्यास वाट काहीशी मोकळी असते. चित्रांत दिसणारी घनदाट गुंतागुंत वनाच्या कडेला, नदीकाठी किंवा झाड पडून उजेड शिरला असेल अशा ठिकाणीच आढळते.

पडलेले झाड ही वर्षावनातील एक महत्त्वाची घटना असते. एखादा महावृक्ष कोसळला की वनछताला भगदाड पडते आणि जमिनीवर ऊन उतरते. वर्षानुवर्षे सावलीत वीतभर उंचीवर थबकलेली रोपे एकाएकी वाढू लागतात. त्यांतील एखादेच शेवटी मोकळी जागा भरून काढते. अभ्यासयात्रेत अशी उजेडाची जागा दिसल्यास तेथे अवश्य थांबावे. वन स्वतःला कसे नवे करते, हे तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

वनस्पतींचे निरीक्षण

वर्षावनातील झाडे ओळखताना नवख्या माणसाचा फार गोंधळ उडतो, कारण सगळी पाने एकसारखीच वाटतात. लांबट, जाडसर, चकचकीत आणि टोकाला निमुळती. या साम्यास कारण आहे. सततच्या पावसात पानावर पाणी साचून राहिले तर त्यावर शेवाळ व बुरशी वाढते. निमुळत्या टोकावरून पाणी लवकर ओघळून जाते, असा या रचनेचा अर्थ लावला जातो. कोवळी पाने मात्र वेगळी असतात. नागकेशराच्या झाडाला फुटणारी पालवी गडद लाल असते आणि दुरून पाहणाऱ्यास झाड मोहरल्याचा भास होतो. पान कोवळे व पौष्टिक असते तोवर त्यात हरितद्रव्य भरण्याची घाई झाड करीत नाही. एखाद्या कीटकाने ते खाल्लेच तर नुकसान थोडे व्हावे, अशी ही काटकसर असल्याचे मानले जाते.

पानांनंतर खोडाकडे पाहावे. अनेक उंच वृक्षांच्या पायथ्याशी फळ्यांसारखी पसरलेली आधारमुळे असतात. वर्षावनात पालापाचोळा इतक्या वेगाने कुजतो की पोषकद्रव्ये मातीत फार खोल जात नाहीत. बहुतेक मुळे वरच्या थरातच पसरतात आणि एवढ्या उंच झाडाचा तोल सांभाळण्यास आधारमुळांचे साहाय्य होते. मुळांशी निगडित असलेली सूक्ष्म कवके कुजणाऱ्या पाचोळ्यातील पोषकद्रव्ये झाडाला मिळवून देतात. वनाची श्रीमंती मातीत फारशी साठलेली नसून सजीवांतच फिरती असते. म्हणूनच वन तोडून तेथे पीक घेतले की काही वर्षांतच जमीन निकस होते.

काही झाडांना थेट खोडावर व जून फांद्यांवर फुले-फळे लागतात. फणसाचे झाड पाहिलेल्या कोकणातील माणसाला यात नवल वाटणार नाही. फणस हा मुळातच पश्चिम घाटातील सदाहरित वनांचा रहिवासी आहे. खोडावरचे जड फळ चढणाऱ्या व उडणाऱ्या प्राण्यांच्या सहज आवाक्यात येते. फूल किंवा फळ कोठे लागले आहे, यावरून त्याचा गिऱ्हाईक कोण असावा याचा तर्क करता येतो.

फांद्यांवर वाढणाऱ्या वनस्पती हे वर्षावनाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ऑर्किड, नेचे, हरिता आणि आपल्या मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाचे भाऊबंद यांनी जुन्या फांद्या मढवलेल्या असतात. त्यांना सरसकट बांडगूळ म्हणणे चुकीचे आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते. ऑर्किडसारख्या अपिवनस्पती झाडाचा केवळ आधार घेतात आणि आपले पाणी हवेतून व पावसातून मिळवतात. जाड दोरखंडासारख्या महालताही अशाच प्रकाशाच्या ओढीने वर जातात. कोकणातील गारंबी ही त्यांपैकीच एक.

वड-पिंपळ-उंबराच्या कुळातील वृक्षांजवळ अधिक वेळ काढावा. यांतील काही जातींचे बी पक्ष्याच्या विष्ठेतून दुसऱ्या झाडाच्या फांदीवर पडते. तेथून मुळे खाली उतरतात, हळूहळू मूळ झाडाला वेढतात आणि कालांतराने ते झाड मरून आत पोकळी उरते. उंबराचे फूल दिसत नाही, ही आपल्याकडील म्हण सर्वश्रुत आहे. फूल असते, पण ते ‘फळा’च्या आत. तेथे शिरून परागण करणारी चिमुकली गांधीलमाशी सर्वसाधारणपणे त्या-त्या जातीची ठरलेली असते. या झाडांचे फळ वर्षाच्या कोणत्या ना कोणत्या महिन्यात कोठेतरी पिकलेले असते. इतर फळांचा तुटवडा असताना धनेश, हरियाल, वानरे आणि खारी यांचा निर्वाह त्यावर होतो. असा एक फळलेला वृक्ष सापडला तर त्याच्याखाली दोन तास शांत बसून जे दिसते, ते दहा किलोमीटर चालूनही दिसणार नाही.

तळाच्या झुडपांत आणि वेलींत मराठी स्वयंपाकघर भेटते. मिरीचा वेल, वेलदोडा, दालचिनीच्या व रानजायफळाच्या जाती ही सगळी मंडळी पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील दमट सावलीत आजही रानटी अवस्थेत वाढतात. ज्या मिरीसाठी अरब आणि युरोपीय व्यापाऱ्यांची गलबते मलबारच्या किनाऱ्याला लागली, तिचे माहेर हेच. लागवडीच्या पिकावर रोग पडतो तेव्हा त्याला तोंड देणारे गुण बहुधा रानातील या नातलगांत शोधावे लागतात. त्यामुळे वनातील एखादा दुर्लक्षित वेल ही शेतीची राखीव ठेव असते.

प्राण्यांचे निरीक्षण

वर्षावनात प्राणी डोळ्यांआधी कानांना भेटतात. पहाटे ओढ्याकाठी माणसाने सहज शीळ घालावी तसा आवाज येतो, तो शीळकरी कस्तुराचा. सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्यांना हा पक्षी ओळखीचा आहे. घुमणारी ‘हूप हूप’ अशी साद निलगिरी वानराची, तर खटखट वाजणारी तीव्र हाळी शेकरूची. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली ही मोठी खार येथील वनछतातही नांदते. डोक्यावरून आगगाडीच्या इंजिनासारखा फुसफुसाट गेला, तर तो राजधनेशाच्या पंखांचा असतो.

राजधनेश हा केरळचा राज्यपक्षी. त्याची मादी जुन्या वृक्षाच्या ढोलीत शिरून ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते आणि केवळ एक अरुंद फट ठेवते. नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला आणि पिलाला फळे भरवतो. या एका संसारासाठी दोन गोष्टी लागतात : मोठी ढोली असलेला जुना वृक्ष आणि आठवडेच्या आठवडे पुरेल इतकी फळांची विविधता. नवी लागवड कितीही हिरवी दिसली तरी तिच्यात या दोन्ही गोष्टी नसतात. परतफेड म्हणून धनेश खाल्लेल्या फळांच्या बिया दूरवर टाकतो आणि नव्या वृक्षांची पेरणी करतो.

पक्षी पाहणाऱ्यांना वर्षावनात एक चमत्कारिक अनुभव येतो. अर्धा-पाऊण तास एकही पक्षी दिसत नाही आणि मग एकाएकी दहा-पंधरा जातींचे पक्षी एकत्र समोरून जातात. हे मिश्र थवे होत. पल्लवपुच्छ कोतवालासारखा सावध पक्षी त्यांत बहुधा असतो. अनेक डोळ्यांमुळे शत्रूची चाहूल लवकर लागते आणि एकाच्या हालचालीने उडालेला कीटक दुसऱ्याच्या चोचीत सापडतो. थवा निघून गेला की रान पुन्हा निःशब्द होते.

वनभूमीवर आणि खोडांवर नजर ठेवल्यास लहान प्राण्यांचे मोठे जग उघडते. बरगड्यांच्या आधाराने ताणलेली कातडी पसरून एका खोडावरून दुसऱ्यावर तरंगत जाणारा उडता सरडा खोडाच्या सालीशी इतका एकरूप असतो की हलल्याशिवाय दिसत नाही. पाचोळ्याखाली देवगांडूळ राहते. दिसायला गांडुळासारखे असले तरी हा पाय नसलेला उभयचर प्राणी आहे. पावसाळ्यात बेडकांच्या हाका सुरू होतात. उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचे घरटे करतो आणि अंड्यांतून निघालेली पिले खाली पाण्यात पडतात. झुडपांत राहणाऱ्या अनेक चिमुकल्या बेडकांना तर पाण्याचीही गरज नसते. त्यांच्या अंड्यांतून थेट छोटे बेडूकच बाहेर येतात. हवा सतत ओलसर राहील, या भरवशावर ही जीवनपद्धती उभी आहे. वनछत विरळ झाले, जमीन कोरडी पडली की हा भरवसा संपतो. जळवांचा उपद्रव प्रवाशाला नकोसा वाटतो खरा. परंतु वन ओलसर आहे आणि त्यात उष्ण रक्ताच्या प्राण्यांचा वावर आहे, याची ती खूणच असते.

एक वृक्ष आणि एक वानर

सायलेंट व्हॅलीचे नाव ज्या प्राण्याशी कायमचे जोडले गेले तो म्हणजे सिंहपुच्छ वानर. काळे अंग, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा, असे त्याचे रूप असते. हे वानर जगात केवळ पश्चिम घाटातच आढळते. त्याची एकूण संख्या चार हजारांच्या आत असल्याचे मानले जाते. ते जवळजवळ सर्व आयुष्य वनछतात घालवते आणि अखंड वनात जमिनीवर क्वचितच उतरते. एका कळपाला वर्षभराच्या अन्नासाठी शंभराहून अधिक हेक्टर वन लागते.

दक्षिणेकडील मध्यम उंचीच्या सदाहरित वनांत या वानराच्या आहाराचा फार मोठा भाग एका वृक्षापासून येतो. त्याचे शास्त्रीय नाव क्युलेनिया एक्झॅरिलाटा. मल्याळममध्ये त्याला ‘वेडिप्लावु’ म्हणतात. आग्नेय आशियातील प्रसिद्ध दुरियन फळाचा हा नातलग असून त्याच्या फळावरही काटे असतात. वृक्षाची फुले जून फांद्यांवर घोसांनी लागतात. त्यांना पाकळ्या नसतात आणि त्यांचे मांसल निदलपुंज हेच प्राण्यांचे खाद्य असते. हा बहर कोरड्या महिन्यांत, म्हणजे रसाळ फळे दुर्मीळ असताना येतो. त्या वेळी सिंहपुच्छ वानर, निलगिरी वानर, शेकरू, उडत्या खारी, वटवाघळे अशी कितीतरी सस्तन मंडळी या वृक्षावर जमतात. फुले खाताना त्यांच्या तोंडाला व अंगाला पराग लागतो आणि परागणाचे काम होते. पुढे फळे धरली की वानरे ती काटेरी कवचे फोडून कोवळ्या बियाही खातात.

या संबंधातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अन्नटंचाईच्या काळात आधार देणाऱ्या एखाद्याच वृक्षाचे महत्त्व त्याच्या संख्येवरून मोजता येत नाही. दुसरी, खाणारा आणि खाल्ला जाणारा यांचे नाते एकतर्फी नसते, नुकसान आणि उपकार त्यात एकत्र नांदतात. तिसरी, असा संबंध सर्वत्र सारखा नसतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील शिरसी-होन्नावर परिसरात क्युलेनिया नाही, तरीही तेथे हे वानर टिकून आहे, कारण रानजायफळ, उंबर-वड यांसारखी फळे त्याला मिळतात. मात्र दोन्ही ठिकाणी एक अट समान आहे. वनछत सलग हवे.

ती अट मोडली तर काय होते, हे तमिळनाडूतील वालपरई पठारावर दिसते. चहाच्या मळ्यांनी वेढलेल्या वनाच्या तुकड्यांत राहणारी सिंहपुच्छ वानरे तेथे जमिनीवर उतरतात, रस्ता ओलांडताना वाहनांखाली सापडतात आणि खाण्याच्या शोधात घरांत शिरतात. त्यांच्यासाठी रस्त्यावरून झाडाला झाड जोडणारे पट्ट्यांचे झुलते पूल टांगण्यात आले आहेत. या उपायाने काही जीव वाचतात. परंतु निसर्गाने फुकट दिलेल्या वनछताची ती केवळ ठिगळे आहेत.

धरणाचा प्रश्न

कुंतीपुळेवर सैरंध्री येथे धरण बांधण्याची कल्पना जुनी आहे. जलविद्युत निर्मितीसाठी ही जागा १९२८ मध्येच हेरण्यात आली होती. १९७३ मध्ये नियोजन आयोगाने प्रकल्पास मान्यता दिली. १२० मेगावॉट वीज मिळेल, मलबार भागातील मागास जिल्ह्यांत उद्योग येतील, शेतीस पाणी मिळेल आणि तरुणांना काम मिळेल, ही प्रकल्पाची बाजू होती. ती क्षुल्लक मानण्यासारखी नव्हती. पाण्याखाली जाणारे क्षेत्र सुमारे ८.३ चौरस किलोमीटर, म्हणजे दरीच्या एकदशांशाहूनही कमी होते. एवढ्याशा जंगलासाठी आणि काही वानरांसाठी माणसांचा विकास रोखावा काय, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक होते.

या प्रश्नाला मिळालेले उत्तर आंतरविद्याशाखीय होते. १९७६ मध्ये मुंबईचे निसर्गअभ्यासक झफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय कार्यगटाने प्रकल्पाबाबत इशारा दिला. केरळ शास्त्र साहित्य परिषद या लोकविज्ञान संघटनेने १९७९ मध्ये प्रकल्पाचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांच्यासह अभियांत्रिकी व अर्थशास्त्र या शाखांतील अभ्यासकांनी ते मिळून केले होते. विजेची गरज अन्य मार्गांनी कशी भागू शकेल, याचाही त्यात विचार होता. कवयित्री सुगतकुमारी यांच्यासारखे साहित्यिक चळवळीत उतरले. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी दरी राखण्याचे आवाहन केले.

अभ्यासकांचे म्हणणे क्षेत्रफळापुरते नव्हते. जलाशय नेमका दरीच्या मध्यातील नदीकाठच्या वनात होणार होता. त्यामुळे उरलेल्या वनाची सलगता तुटणार होती, आणि रस्ते, वसाहती व हजारो मजूर यांच्यामुळे आजवर दुर्गम राहिलेले वन खुले होणार होते. सिंहपुच्छ वानर हे या साऱ्याचे प्रतीक झाले. परंतु वादाचा गाभा एका वानरापुरता मर्यादित नव्हता. ते वानर ज्या वृक्षांवर, ते वृक्ष ज्या परागणावर आणि ते सर्व ज्या अखंड सावलीवर अवलंबून आहेत, ती संपूर्ण वीण पणाला लागली होती.

अखेर प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. मूळचे पुण्याचे असलेले परिस्थितिकीतज्ज्ञ डॉ. माधव गाडगीळ हे तिचे एक सदस्य होते. १९८३ मध्ये समितीचा अहवाल आला, तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी प्रकल्प सोडून देण्याचा निर्णय घेतला आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते उद्यानाचे उद्घाटन झाले.

महाराष्ट्राच्या संदर्भात

सायलेंट व्हॅली पाहून परतणाऱ्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला आपल्याकडील सदाहरित वने खुजी वाटण्याचा संभव असतो. या फरकाचे कारण पावसाच्या प्रमाणापेक्षा त्याच्या कालावधीत आहे. आंबोली व महाबळेश्वर येथे प्रचंड पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडे कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचा असतो, तर उत्तरेकडे तो सात-आठ महिन्यांपर्यंत लांबतो. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ झाँ-पिएर पास्कल यांनी घाटातील वनांचा अभ्यास करून ही गोष्ट विस्ताराने मांडली. कोरडा काळ वाढत जातो तशी केवळ पश्चिम घाटात आढळणाऱ्या सदाहरित वृक्षजातींची संख्या घटत जाते. दक्षिणेत क्युलेनिया, नागकेशर यांचे वर्चस्व असते, तर आपल्याकडे अंजनी, जांभूळ व पिसा यांचे.

म्हणजे महाराष्ट्रातील सदाहरित वन हे वर्षावनाच्या सीमेवर, कोरड्या ऋतूशी झुंजत तगलेले वन आहे. सीमेवरचे जीवन नाजूक असते. एकदा छत तुटले की मधल्या सात-आठ कोरड्या महिन्यांत ऊन, वणवा आणि गुरे यांच्यापुढे ते पुन्हा उभे राहणे कठीण जाते. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत सायलेंट व्हॅलीबरोबर महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार स्थळे आहेत. एकाच पर्वतरांगेच्या दोन टोकांचा हा वारसा एकत्र अभ्यासला जाणे आवश्यक आहे.

अभ्यासयात्रेची शिस्त

वरील विवेचनावरून महाविद्यालयीन अभ्यासयात्रेसाठी काही सूत्रे हाती येतात. अंतर कमी आणि थांबे अधिक असावेत. आठ-दहा जणांचे लहान गट करून प्रत्येक गटाने एखादा वृक्ष, एखादा ओढा किंवा एखादी उजेडाची जागा निवडावी व ठरावीक वेळ तेथेच निरीक्षण करावे. नोंदवहीत ‘काय दिसले’ या रकान्याशेजारी ‘ते काय करीत होते’ आणि ‘कोणाच्या संगतीत होते’ हे दोन रकाने असावेत. दिनांक, वेळ व हवामान यांची नोंद चुकवू नये, कारण त्याच जागी पुन्हा येणाऱ्या तुकडीला तुलनेसाठी तीच उपयोगी पडते. स्थानिक वाटाड्याकडून मिळालेली माहिती त्याचे श्रेय देऊन लिहावी.

वनात शांतता राखणे, भडक कपडे टाळणे, पाने-फुले-ऑर्किड न तोडणे, प्राण्यांना खाऊ न घालणे आणि प्लास्टिक परत आणणे हे नियम सर्वांस ठाऊक असतात. त्यांमागील कारण मात्र विद्यार्थ्यांना समजावून सांगितले पाहिजे. वानराला दिलेले एक केळे त्याला जमिनीवर आणि रस्त्यावर उतरावयास शिकवते. पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी वाजवलेली ध्वनिमुद्रित हाक त्याचा घरट्यापासून दूर जाण्यात वेळ घालवते. परस्परसंबंध पाहावयास गेलेल्या माणसाने स्वतः त्यात बिघाड करू नये, एवढाच या नियमांचा आशय आहे.

समारोप

वर्षावनात जाणाऱ्या प्रवाशाला सिंहपुच्छ वानर दिसेलच, असे नाही. परंतु जमिनीवर पडलेली, दातांनी कुरतडलेली क्युलेनियाची फुले दिसली आणि ती कोणी, कोणत्या महिन्यात व का खाल्ली असावीत हे त्याला सांगता आले, तर त्याने वानर पाहणाऱ्यापेक्षा अधिक पाहिले असे म्हणावे लागेल. सायलेंट व्हॅलीत असे पाहणाऱ्यांचे ज्ञान एका मोठ्या निर्णयाच्या वेळी उपयोगी पडले. ते ज्ञान वर्गात तयार झाले नव्हते. कित्येकांनी वर्षानुवर्षे एकेका झाडाखाली बसून ते गोळा केले होते.

पश्चिम घाटात रस्ते, खाणी, धरणे आणि पर्यटन यांसंबंधीचे प्रश्न पुढेही उभे राहणार आहेत. त्या प्रत्येक वेळी ‘एवढ्याशा जंगलाने काय बिघडते’ असा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर भावनेच्या भरात देता येत नाही. त्या एवढ्याशा जंगलात कोण कोणावर अवलंबून आहे, हे माहीत असणारी माणसे त्या वेळी जवळ असावी लागतात. अशी माणसे घडविणे हेच अभ्यासयात्रेचे खरे प्रयोजन होय.